होबीचें दुकान

इ. स. १८१५ च्या एप्रिल महिन्याच्या ११ व्या तारखेस ब्रुसेल्स शहरांतून लंडनला एक लहानसें पत्र गेलें. नेपोलियन एल्बा बेटांतून निसटून पॅरिसला परत आला होता. साऱ्या युरोपखंडांत पुन्हां सैन्यांची जमवाजमव चालली होती. आणि पत्र लिहिणारा गृहस्थ त्यांपैकीं एका सैन्याचा सेनापति होता. पत्र मात्र तोफांविषयीं नव्हतें कीं दारूगोळ्याविषयीं नव्हतें. तें लंडनमधील जॉर्ज होबी या बूट शिवणाऱ्या कारागिरास लिहिलेलें होतें. मागच्या खेपेस आलेले बूट पोटरीवर अजून घट्टच होतात आणि उंचीला सुमारें दीड इंच कमी पडतात, तरी याप्रमाणें दुरुस्ती करून आणखी दोन जोड पाठवावे, एवढाच त्यांतील मजकूर. पुढें सवादोन महिन्यांनीं, १८ जून रोजीं, वॉटर्लूची लढाई झाली.

पत्र लिहिणारा अर्थात् ड्यूक ऑफ वेलिंग्टन. महाराष्ट्राला हा गृहस्थ परका नाहीं. जनरल आर्थर वेल्स्ली या नांवानें तो १८०३ च्या एप्रिलांत दुसऱ्या बाजीरावाची बाजू घेऊन पुण्यास आला, आणि त्याच वर्षीं २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशीं त्याची गांठ पडली. त्या दिवशीं त्याच्या मांडीखालचा एक घोडा ठार झाला व दुसरा भाल्यानें जखमी झाला. ज्याचें आयुष्यच खोगिरावर गेलें, त्याला बुटाची पारख नव्हती असें कोण म्हणेल? आणि होबी तर त्या काळीं लंडनांतील पहिल्या प्रतीचा कारागीर. राजा तिसरा जॉर्ज व त्याचे राजपुत्र त्याचीं गिऱ्हाइकें. असें असतां एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचें माप एवढ्या मोठ्या कारागिराकडून पुन्हां पुन्हां कां चुकावें? पत्रांतील ‘अजून’ हा शब्द बोलका आहे. तक्रार पहिलीच नव्हती.

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर घोड्यावरील शिकारीचा बूट ही काय वस्तु आहे हें आधीं पाहिलें पाहिजे. वेलिंग्टनला शिकारीचा मोठा नाद होता. १८१२-१३ च्या हिवाळ्यांत पोर्तुगालमधील फ्रेनेडा या खेड्यांत त्याची छावणी पडली, तेव्हां तेथेंहि त्यानें शिकारी कुत्र्यांचा ताफा बाळगला होता, आणि सैन्याच्या कामांतून सवड सांपडली कीं तो घोड्यावर बसून खोकडाच्या मागें जाई. इंग्लंडांतील ही शिकार म्हणजे बंदुकीची शिकार नव्हे. कुत्रीं वासावर पुढें धांवतात आणि स्वार त्यांच्यामागें शेतें, ओढे, कांटेरी कुंपणें ओलांडीत दौडत जातात. ऋतु हिवाळ्याचा, पाऊस आणि चिखल हे ठरलेले. सकाळीं चढविलेला बूट संध्याकाळींच उतरावयाचा. बूट पोटरीवर सैल असला तर त्याला घड्या पडून कातडी सोलवटते. घट्ट असला तर पाय बधिर होतो, आणि बधिर पायाला घोड्याची हालचाल समजत नाहीं. तो आंखूड असला तर त्याची वरची कड खोगिराच्या पाख्यांत अडकते. फार उंच असला तर गुडघा वांकत नाहीं. पायीं चालणाऱ्यास एक दोन सुतांचा फरक सोसतो. स्वाराला तो सोसत नाहीं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लिश शिकाऱ्यांमध्यें जो बूट रूढ झाला त्यास ‘टॉप बूट’ म्हणतात. खालचा भाग काळा आणि गुडघ्याखालचा पट्टा तपकिरी किंवा पांढरा, असें त्याचें रूप. पूर्वींचे उंच बूट गुडघ्यावर खालीं दुमडीत, तेव्हां आंतील फिक्या रंगाचें कातडें बाहेर दिसे. त्या दुमडीचाच पुढें शोभेचा पट्टा झाला. जर्मनींतील हेसे प्रांतावरून नांव पडलेला ‘हेशियन’ बूट याहून निराळा. त्याच्या पुढच्या कडेला गोंडा लोंबत असे व तो लष्करी लोकांना प्रिय होता. वेलिंग्टननें होबीकडून या हेशियन बुटाचा गोंडा काढविला, उंची कमी करविली व तो पायाशीं चांगला बसता करविला, म्हणजे घोड्यावरहि चालावा आणि लांब विजारीखालींहि शोभावा. तोच ‘वेलिंग्टन बूट’. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रबराचे उंच बूट निघाले, त्यांना इंग्लंडांत हेंच नांव चिकटलें. आपल्याकडे पावसाळ्यांत चिखल तुडविणारे लोक ज्याला गमबूट म्हणतात त्याचें मूळ असें एका सेनापतीच्या कातडी बुटांत आहे, ही मौजेची गोष्ट खरी.

आतां माप. मापाचा बूट शिवणारा कारागीर प्रथम गिऱ्हाइकास कागदावर उभें करी आणि पावलाभोंवतीं पेन्सिल फिरवून घेई. बसवून घेतलेलें माप उपयोगाचें नाहीं, कारण अंगाचा भार पडला म्हणजे पाऊल पसरतें. मग चवड्याचा घेर, कमानीचा घेर, टांचेवरून कमानीपर्यंतचा घेर, घोटा, पोटरी निरनिराळ्या उंचीवर, गुडघ्याखालची जागा, आणि शेवटीं उंची. हीं सर्व मापें शिकारीची तंग विजार व मोजा अंगावर असतांनाच घ्यावयाचीं. दोन्ही पायांचीं मापें निरनिराळीं घ्यावयाचीं, कारण सहसा कोणाचेहि दोन पाय अगदीं सारखे नसतात. हें आज उघड वाटतें. पण सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपांत बहुतेक पायतणें उजव्या-डाव्याचा भेद न करतां एकाच सरळ सांच्यावर शिवीत, आणि उजवा कोणता व डावा कोणता तें पायानेंच वापरून ठरवावें लागे. इ. स. १८०० च्या सुमारास हा भेद पुन्हां पाळला जाऊं लागला. होबीचा काळ नेमका या पालटाचा काळ होय.

मापावरून लांकडाचें पाऊल कोरावयाचें; यास आपल्याकडील चर्मकार कलबूत म्हणतात. अंगठ्याचें हाड पुढें आलेलें असलें, भोंवरी असली, तर त्या जागीं कलबुतावर कातड्याचा तुकडा चिकटवून तेवढा उंचवटा करीत. एकदां कलबूत झालें कीं गिऱ्हाइकाचा पाय जणूं दुकानांतच ठेवलेला. कातडें कापणाऱ्यास इंग्रज कारागीर ‘क्लिकर’ म्हणत. सुरीचें टोंक कातड्यांतून निघतांना होणाऱ्या आवाजावरून तें नांव पडलें असें सांगतात. शिकारीच्या बुटाला वासराचें कातडें वापरीत, पण तें उलटें: मांसाकडची बाजू बाहेर घेऊन तीत मेण व काजळ मुरवीत. त्यांत खुबी ही, कीं कांट्यांचे ओरखडे उठले तरी हरणाच्या नळीच्या हाडानें घांसून ते बुजवितां येत. तळाचें जाड कातडें ओकच्या सालीच्या पाण्यांत वर्षभर कमावलेलें असे. पुढें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कातडीं कमावणारे हिंदुस्थानांतील हिरडा मोठ्या प्रमाणावर मागवूं लागले, आणि त्या बाजारांत हिरड्याची एक जात ‘वेंगुर्ला’ याच नांवानें ओळखली जाई. सह्याद्रींत हिरडा गोळा करणाऱ्या बायकांना आपला माल कोणाच्या पायापर्यंत जातो याची कल्पना कोठून असणार!

शिलाईचा दोरा मेण व राळ लावून वळलेला, आणि त्याच्या टोंकास सुईऐवजीं डुकराचा राठ केस. आरीनें भोंक पाडावयाचें, दोन्ही बाजूंनीं केस ओंवावयाचे आणि दोरा हातांना गुंडाळून ओढावयाचा. या ओढीनें कारागिरांच्या बोटांना कायमचे वळ पडत.

या साऱ्या मापांत एक माप असें आहे कीं तें टेपेनें घेतां येत नाहीं. नवा बूट घोट्याशीं ताठ असतो. कांहीं दिवस घोड्यावर बसलें म्हणजे तेथें वळ्या पडतात आणि सबंध बूट खालीं बसतो. म्हणून जाणता कारागीर नवा बूट मुद्दाम थोडा उंच ठेवतो. गिऱ्हाईक पहिल्या दिवशीं कुरकुर करतें आणि पुढें त्याची कुरकुर थांबते. वेलिंग्टनचे बूट नवे असतांनाच दीड इंच आंखूड होते, म्हणजे वापरल्यावर ते आणखीच आंखूड झाले असते. पोटरीचा घेर थोडाफार ताणून वाढवितां येतो. उंची कोणत्याहि युक्तीनें वाढत नाहीं. दुरुस्ती न सुचवितां त्यानें सरळ नवे जोड मागितले याचें कारण हेंच असलें पाहिजे. आणि चूक होण्याचें कारणहि येथेंच सांपडतें. पाय ब्रुसेल्सला आणि कारागीर लंडनला. बूट चढवून गिऱ्हाईक समोर उभें राहिलें, घोड्यावर बसल्यासारखा त्यानें गुडघा वांकविला, म्हणजे कारागिराचा डोळा जें टिपतो तें पत्रांतल्या दोन ओळींनीं कसें कळावें?

होबीचें दुकान सेंट जेम्स रस्त्याच्या माथ्यावर, पिकॅडिलीच्या कोपऱ्यावर होतें. त्याचा स्वभाव मोठा तऱ्हेवाईक. तो मेथॉडिस्ट पंथाचा उपदेशक असून रविवारीं प्रवचन करी, आणि वेलिंग्टनच्या विजयाची वार्ता कानीं आली म्हणजे त्या यशाचें श्रेय आपल्या बुटांना व आपल्या प्रार्थनांना देण्यास कमी करीत नसे. कॅप्टन ग्रोनो यानें आपल्या आठवणींत त्याच्या कित्येक गोष्टी नमूद केल्या आहेत. लष्करांतील एक तरुण अंमलदार रागारागानें दुकानांत शिरला आणि बूट भिकार शिवले आहेत, यापुढें आपण येथें पाऊल टाकणार नाहीं, असें म्हणाला. होबीनें चेहरा अत्यंत दुःखी करून नोकरास दारें-खिडक्या लावावयास सांगितलें. एवढें गिऱ्हाईक गेल्यावर आतां धंदा बंदच करावयाचा! दुसरी गोष्ट सर जॉन शेली यांची. त्यांचे टॉप बूट ठिकठिकाणीं उलले होते. हें कशानें झालें असें होबीनें विचारलें. तबेल्यापर्यंत चालत गेल्यानें, असें उत्तर आलें. तेव्हां होबी उद्गारला कीं बूट घोड्यावर बसण्यासाठीं शिवले होते, चालण्यासाठीं नव्हेत.

ही गोष्ट सांगून लोक हंसतात, पण तींत धंद्याचें मर्म आहे. घोड्यावरील बूट आणि पायीं शिकारीचा बूट या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिल्याचा तळ पातळ, कारण रिकिबींत पाय नुसता टेकलेला असतो. त्याचें कातडें पोटरीवर चापून बसलेलें आणि चवड्याशीं ताठ. दुसऱ्याचा तळ जाड, कित्येकदां खिळे ठोकलेला. चवड्याशीं तो सहज वांकला पाहिजे आणि बोटांना पसरावयास जागा पाहिजे, कारण डोंगर उतरतांना सारें अंग बोटांवर येतें. एकाचें काम दुसऱ्याकडून घेऊं गेल्यास कातडें उलणारच. होबी उद्धट होता, पण त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. मात्र माप घेतांना ‘हे बूट घालून तुम्ही काय काय करणार?’ हा प्रश्न त्यानें विचारावयास हवा होता. सर जॉनला घोडा माहीत होता. कातड्याचें ज्ञान होबीला होतें, आणि ज्याला ज्ञान अधिक त्याच्यावर विचारण्याची जबाबदारीहि अधिक. मापाचा बूट म्हणजे नुसता हुकूम नव्हे. त्यांत दोघांचें बोलणें व्हावें लागतें, आणि बड्या लोकांशीं असें बरोबरीनें बोलण्याची छाती त्या काळीं फार थोड्या कारागिरांना होती.

होबीला ती होती, कारण तो श्रीमंत होता. तो १८३२ सालीं वारला तेव्हां त्याच्यामागें एक लाख वीस हजार पौंडांची संपत्ति होती असें ग्रोनो सांगतो. त्याच्या पदरीं तीनशें कारागीर होते. बूट होबीचे म्हणून गाजले. ज्यांच्या बोटांना दोऱ्याचे वळ पडले त्यांचीं नांवें कोणाच्या आठवणींत आलीं नाहींत.

त्याच पिकॅडिली रस्त्यावरील एका जोडे शिवणाऱ्याचें नांव मात्र इतिहासांत राहिलें आहे, पण तें बुटांसाठीं नव्हे. टॉमस हार्डी यानें जानेवारी १७९२ मध्यें आठ मित्रांसह ‘लंडन करस्पाँडिंग सोसायटी’ स्थापन केली. वर्गणी आठवड्याला एक पेनी, आणि मागणी ही कीं प्रत्येक प्रौढ पुरुषास, मग तो कारागीर असो कीं जमीनदार असो, मताचा अधिकार असावा. १७९४ च्या मे महिन्यांत सरकारनें त्याला राजद्रोहाच्या आरोपावरून पकडलें. तो तुरुंगांत असतांना जमावानें त्याच्या घरावर हल्ला केला. त्या वेळीं गरोदर असलेली त्याची बायको पुढें ऑगस्टांत बाळंतपणांत दगावली. नोव्हेंबरांत ज्यूरीनें त्याला निर्दोषी ठरविलें. हार्डीहि १८३२ सालींच वारला. त्याच वर्षीं पार्लमेंटांतील मताधिकार वाढविणारा कायदा झाला, आणि त्या कायद्याचा कडवा विरोधक होता होबीचा थोर गिऱ्हाईक वेलिंग्टन.

गिऱ्हाइकांची दुसरी बाजूहि पाहण्यासारखी आहे. बडे लोक बूट रोखीनें क्वचितच घेत. हिशेब वर्षानुवर्षें तुंबत. ब्यू ब्रमेल या प्रसिद्ध छानछोक्या पुरुषाच्या बुटांची चकाकी साऱ्या लंडनांत वाखाणली जाई. शिकारीला गेला तरी दौडत्या शेतकऱ्यांच्या घोड्यांनीं उडविलेल्या चिखलाचे शिंतोडे आपल्या पांढऱ्या पट्ट्यावर पडतील म्हणून तो फार पुढें जात नसे, असें त्याच्याविषयीं सांगतात. १८१६ सालीं हा गृहस्थ कर्जापायीं फ्रान्सला पळून गेला. बूट शिकारीसाठीं, पण शिकार बुटासाठीं टाळावयाची, हा उलटा न्याय त्याच्याच घरचा!

होबीनंतरच्या पिढींत जॉन लॉब याचें नांव पुढें आलें. १८२९ सालीं कॉर्नवॉलमध्यें शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला हा मुलगा एका पायानें अधू होता. तो बूट शिवण्याचें काम शिकून लंडनला आला, पण सेंट जेम्स रस्त्यावरील एका मोठ्या दुकानांत त्याला कोणी उभें केलें नाहीं. मग तो ऑस्ट्रेलियाला गेला. तेथें सोन्याच्या खाणींची धामधूम चालली होती. लॉबनें पोकळ टांचेचे बूट काढले, म्हणजे सांपडलेलें सोनें टांचेंत लपवितां येई. गिऱ्हाइकाची खरी गरज ओळखणें म्हणतात तें हेंच. १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनांत त्याच्या बुटांना सुवर्णपदक मिळालें, पुढच्या वर्षीं प्रिन्स ऑफ वेल्सच्या बुटांचें काम त्याच्याकडे आलें, आणि १८६६ सालीं लंडनांत त्याचें दुकान उघडलें. हाच राजपुत्र १८७५ च्या नोव्हेंबरांत मुंबईस उतरला व पुढें हिंदुस्थानांत आणि नेपाळच्या तराईंत शिकारी करीत हिंडला.

हिंदुस्थानांतील इंग्रज अंमलदार पुणें-खडकीकडे खोकडाऐवजीं कोल्ह्यामागें कुत्रीं सोडून हौस भागवीत. वेलिंग्टनची जी अडचण तीच यांची: पाय इकडे आणि कारागीर तिकडे. मोठीं दुकानें म्हणून गिऱ्हाइकांच्या पावलांच्या आकृति जाड वह्यांतून व कलबुतें फळ्यांवर जपून ठेवीत. लंडनच्या पील कंपनीच्या अशा वह्या प्रसिद्ध होत्या. पण पाऊल वयाबरोबर पालटतें, कलबूत पालटत नाहीं. पील कंपनी १९६५ सालीं बंद झाली व तिचें नांव अमेरिकेंतील एका कपड्यांच्या कंपनीनें विकत घेतलें. लॉब घराण्याचा व्यवसाय लंडनांत अजून चालूं आहे.

अमेरिकेंत निराळीच गोष्ट घडली. मेन संस्थानांतील लिऑन बीन हा शिकारी ओल्या जंगलांतून पायीं हिंडे आणि त्याचे पाय नेहमीं भिजत. त्यानें गमबुटाच्या रबरी तळावर वरचा भाग कातड्याचा शिववून घेतला आणि १९१२ सालीं टपालानें असे शंभर जोड विकले. नव्वद परत आले, कारण शिवण रबरांतून सुटली. बीननें सर्वांचे पैसे परत केले, कर्ज काढून रबर सुधारून घेतलें आणि पुन्हां विक्री सुरू केली. हा बूट मापाचा नव्हता, ठरीव मापांचा होता. पण तो कशासाठीं आहे हें त्याच्या कर्त्यानें स्वतःच्या पायांनीं चालून ठरविलें होतें. होबीच्या तीनशें कारागिरांपेक्षां या एका प्रश्नाचें उत्तर त्याला अधिक चांगलें ठाऊक होतें.

मापाचे बूट घेणाऱ्यांनीं जे नेम पिढ्यान् पिढ्या पाळले ते थोडक्यांत असे. माप दुपारनंतर द्यावें, कारण दिवसभरांत पाय फुगतो. जो मोजा शिकारींत घालावयाचा तोच घालून जावें. दोहोंपैकीं मोठा पाय धरून चालावें. भिजलेला बूट विस्तवाजवळ ठेवूं नये, नाहीं तर कातडें करपून तडकतें. इंग्लंडांत तो कोरड्या ओट धान्यानें भरून ठेवीत, म्हणजे धान्य ओल शोषून फुगे आणि बुटाचा आकार टिके.

हिंदुस्थानांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला बंदी आली. इंग्लंड व वेल्समध्यें कुत्र्यांनीं खोकड मारण्याची शिकार १८ फेब्रुवारी २००५ पासून बेकायदेशीर ठरली. त्यानंतर स्वार कृत्रिम वासाच्या मागावर दौडूं लागले, पण पायांतला बूट तोच राहिला.

वेलिंग्टन १४ सप्टेंबर १८५२ रोजीं केंट परगण्यांतील वॉल्मरच्या किल्ल्यांत, खुर्चींत बसल्या बसल्या वारला. त्याचा एक बुटांचा जोड त्या किल्ल्यांत पाहावयास ठेवलेला आहे. काळ्या कातड्याचा, गोंडा नसलेला, साधा.